टोपणनावांचा लेख: पोरांना वाचायला द्यावा का?

पाचपैकी अडीच तारे, आणि तेही हात सैल सोडून.

सांगलीत विश्रामबागला माझी छोटी अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, सरळसेवा असल्या परीक्षांची पोरं दिवसभर बसतात, संध्याकाळी मी सामान्य ज्ञान घेतो. टोपणनावांचा प्रश्न या पेपरांत ठरलेला. ज्वारीचं कोठार? सोलापूर. मुंबईची परसबाग? नाशिक. पाठ असलं की मार्क खिशात. त्यामुळे इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशातला शहरांच्या आणि प्रदेशांच्या टोपणनावांचा लेख निम्म्या पोरांच्या मोबाईलवर कायम उघडा असतो. 'सर, हे वाचलं तर चालंल का?' असं सारखं विचारतात, म्हणून एकदा बसून वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

लेख म्हणजे एक लांबच लांब तक्ता. ठिकाण, टोपणनाव, कारण, संदर्भ असे चार रकाने. मांडणी अकारविल्हे आहे, मोबाईलवर नीट सरकते, मध्ये जाहिराती नाहीत. काही ओळी तर खरंच झकास. जयपूरची बघा: 1876 साली ब्रिटनच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगवलं, म्हणून गुलाबी शहर. कोलकात्याची ओळही तशीच. 'आनंदनगरी' हे नाव एका फ्रेंच लेखकाच्या 1985 च्या कादंबरीवरून आलं, हे स्वच्छ लिहिलंय. नाव कुणी दिलं, कधी दिलं, कशावरून दिलं, सगळं दोन वाक्यांत. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात तेही ठीक दिलंय: 1843, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर', संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय. यात बोट ठेवायला जागा नाही.

पण असल्या ओळी मोजक्याच. बाकीच्या ठिकाणी 'असे म्हणतात' एवढ्यावर काम भागवलंय. अहो, पण कोण म्हणतं? टोपणनावांच्या लेखात हाच तर मुख्य प्रश्न. सातारा घ्या. तक्त्यात साताऱ्यापुढे तीन नावं एका रांगेत बसवलीत: शूरांचा जिल्हा, कुंतल देश, पेन्शनरांचं गाव. यातलं शेवटचं सातारकर स्वतःच हसत हसत सांगतात. पहिलं भाषणांत येतं, आणि त्याला आधारही आहे. मिलिटरी आपशिंगे घ्या, तिथे 'मिलिटरी' हा शब्द गावाच्या नावालाच चिकटलाय. राहिलं कुंतल देश. ते प्राचीन प्रदेशाचं नाव, आणि तो प्रदेश पार कर्नाटकात पसरलेला. परीक्षेच्या गाईडांनी ते उचलून एकट्या साताऱ्याला चिकटवलं. पोवई नाक्यावर उभं राहून 'कुंतल देशाची एसटी कुठं लागते' असं विचारून बघा एकदा. लेखाला मात्र तिन्ही नावं सारखीच.

भिलारचंही तेच. 'पुस्तकांचं गाव' हे नाव 2017 साली राज्य सरकारने दिलं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाचा नमुना समोर ठेवून. योजना चांगली आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलीत, मी पोरांना घेऊन गेलोय. पण सरकारने पाटी लावून दिलेलं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव वेगळं. त्यासाठी एक पाचवा रकाना जोडला असता तरी निम्मं काम झालं असतं.

आता हळद. इथे मात्र माझं डोकं सटकलं. 'सांगली – हळदीचा जिल्हा – कारण: येथे हळदीचे सर्वाधिक उत्पादन होते.' हे ज्याने लिहिलं तो मार्केट यार्डात कधी फिरकलेला नसावा. सांगलीचं नाव झालं ते बाजारपेठेमुळे. राजापुरी हळद इथली खरीच, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आज राज्यात हळदीच्या लागवडीत हिंगोली पुढे आहे. मराठवाड्यातला, कर्नाटकातला माल इथल्या सौद्यांना येतो, म्हणून सांगली. आणि साठवण! कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं असायची. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद भरून वरून मातीने बंद. तिथल्या मातीत माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग माणूस उतरायचा. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्या धंद्याचं कंबरडं मोडलं. हळदीच्या नावामागे एवढं सगळं आहे, आणि लेखात एक ओळ, तीही चुकीची. तमिळनाडूतल्या इरोडला हळदीचं शहर म्हणतात, ती ओळ त्याच तक्त्यात खाली आहे, तिथेही कारण हेच. दोन्हीकडे 'सर्वाधिक' कसं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

दक्षिण काशीची तर जत्राच भरलीय. वाई, पैठण, कोल्हापूर, तिन्ही हजर, आणि तिघांपुढे 'अनेक मंदिरे असल्याने'. मँचेस्टरं किती ते विचारूच नका. अहमदाबाद, कोइमतूर, आमची शेजारीण इचलकरंजी. इथे दावे अनेक असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच नावाचे दावेदार एका जागी आणून ठेवायला काय हरकत होती?

संदर्भांचे निळे आकडे दिसायला भरगच्च आहेत. मी दाबून बघितले. एक दुवा प्लॉटच्या जाहिरातीवर गेला, एक भरतीच्या नोट्सच्या पीडीएफवर, एक उघडलाच नाही. एका पुरवणीतल्या लेखात तर ज्ञानकोशातलंच वाक्य शुद्धलेखनाच्या चुकीसकट सापडलं, आणि ज्ञानकोशात आधार म्हणून तीच पुरवणी. म्हणजे याने त्याच्याकडून घ्यायचं आणि पावतीही त्याच्याच नावाने फाडायची.

शेजारच्या जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभी केलेली परंपरा. तिथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, कुणाला जाब विचारायचा ते कळतं. टोपणनावांचा आयता तक्ता तिथे मिळणार नाही, पण गावाची नोंद वाचली की नाव कशावरून पडलं असेल याचा अंदाज येतो. पोरांना मी तेच सांगतो: पाठांतराला हा तक्ता घ्या, कारण पेपर काढणाराही बहुधा असल्याच याद्या बघतो. पण उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची वेळ आली तर हा लेख जोडू नका. तिथे छापील, अधिकृत पुस्तकाचं पान लागतं.

अडीचमधला अर्धा तारा दुरुस्तीच्या सोयीला. मिरजेची ओळ तक्त्यात नव्हतीच. सतार-तंबोऱ्यांचं गाव, आणि ओळ नाही! मी दुपारी भरली, संध्याकाळी कुणीतरी 'संदर्भ नाही' म्हणून काढून टाकली. रागही आला, बरंही वाटलं, कुणीतरी पहाऱ्यावर आहे म्हणून. मग मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी जोडून परत भरली, ती टिकली. पहारा मग हळदीच्या ओळीवर का नव्हता, हे मात्र कळलं नाही. तीही आता दुरुस्त करून ठेवलीय. मिरजेपुढे कुणी 'आरोग्यपंढरी' जोडलंय, त्यावर 'संदर्भ हवा'ची खूण लटकतेय. मिरजेतलं वानलेस हॉस्पिटल 1894 चं, त्यामुळे जुनं छापील काहीतरी कुणाच्या तरी कपाटात असणारच. असेल तर पानाच्या क्रमांकासकट तिथे जोडा.