म्युनिकला रूम घेताना आमचे १४४० युरो गेले

सप्टेंबर २०२३ ला मी एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर म्युनिकला गेले होते. कॉलेज पुण्याचं, घर सांगलीला. हे लिहायला इतके दिवस लागले कारण घरात अजूनही हा विषय निघाला की पप्पा गप्प होतात. पण आता परत नवीन बॅच निघायची वेळ आलीय, ग्रुपवर रोज कुणी ना कुणी "ही रूम कशी वाटते" म्हणून फोटो टाकतंय, आणि त्यातले दोन फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला.

म्युनिकला रूम मिळणं किती अवघड आहे ते इथं बसून कळत नाही. सरकारी होस्टेलची वेटिंग लिस्ट कित्येक महिन्यांची असते, माझा नंबर लागला नाही. मग शेअरिंगमधल्या रूम शोधायच्या, तिकडे त्याला वेगे म्हणतात. जुलैपासून रोज रात्री मी आठ दहा जणांना मेसेज करायचे, बहुतेक जण उत्तरच द्यायचे नाहीत, आणि जे द्यायचे ते म्हणायचे प्रत्यक्ष बघायला ये. सांगलीहून कशी जाणार? जो स्वतःहून गोड बोलला त्याच्यावर विश्वास बसला तो यामुळेच, माणूस थकलेला असतो.

ऑगस्टमधे एका बाईचा रिप्लाय आला. श्वाबिंगमधे रूम, युनिव्हर्सिटीपासून चालत पंधरा मिनिटं, फर्निचरसकट महिना ४८० युरो. नंतर कळलं की त्या भागात माझ्याबरोबरची मुलं साडेसहाशे सातशे देत होती. बाई म्हणाली मी कामासाठी लंडनला असते, फ्लॅट रिकामा आहे, मला भाड्यापेक्षा चांगली मुलगी हवी. मी माझ्या मते हुशारीने विचारलं होतं की अनमेल्डुंग होईल का. अनमेल्डुंग म्हणजे राहायला गेल्यावर दोन आठवड्यात महापालिकेच्या ऑफिसात पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. सीनियर्सनी सांगितलेलं की फ्रॉड माणूस याला नाही म्हणतो. ती लगेच हो म्हणाली. "हो" लिहायला पैसे पडत नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला, सहीचं अॅग्रीमेंट पाठवलं, आणि माझाही पासपोर्ट, व्हिसा आणि अॅडमिशन लेटर मागून घेतलं. मी तिन्ही दिलं.

एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे १४४० युरो. पप्पा बँकेत गेले, परदेशात पैसे पाठवायचा ए टू फॉर्म भरला, सव्वा लाखाच्या वर रक्कम झाली. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं होतं, मालकीण एक आणि खात्यावर नाव दुसरंच कसं? पप्पांनी मला फोन लावला, मी बाईला विचारलं, बाई म्हणाली ते माझे अकाउंटंट आहेत. मी पप्पांना म्हणलं, "हो हो, बरोबर आहे, पाठवा." त्या साहेबांनी अजून एक गोष्ट दाखवली होती. आयबॅन, म्हणजे तिकडच्या खाते नंबरची पहिली दोन अक्षरं देश सांगतात, जर्मनीचं असेल तर डीई असतं, हे एलटी होतं, म्हणजे लिथुआनिया. तेवढ्यावरून फसवणूक ठरत नाही, बऱ्याच ऑनलाइन बँकांची खाती तिकडची असतात, पण घर म्युनिकचं, बाई लंडनची आणि पैसे तिसऱ्याच माणसाला लिथुआनियाला, हे एकत्र ठेवून बघायला हवं होतं. एक माणूस समोर बसून सांगत होता आणि मी फोनवरून ते उडवून लावलं, हे मला अजून खुपतं.

२६ सप्टेंबरला उतरले. ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिकडची बिअरची मोठी जत्रा, चालू होता, ट्रेनमधे पाय ठेवायला जागा नाही, माझ्याकडे तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा. आदल्या रात्री बाईचा मेसेज आलेला की हाउसमाइस्टर, म्हणजे बिल्डिंगचा केअरटेकर, चार वाजता चावी घेऊन खाली थांबेल. गिझेलाश्ट्रासे स्टेशनवरून बॅगा ओढत गेले. बिल्डिंग खरी होती, फोटोतलाच हिरवा दरवाजा. तिकडे बेलवर फ्लॅट नंबर नसतो, आडनावं असतात, पोस्टसुद्धा आडनावावर येतं. दोन ओळीत आठ आठ अशी सोळा नावं. मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं, मग परत वरपासून वाचलं, तिचं नाव नव्हतं. फोन लावला तर बंद. साडेपाचला एक म्हाताऱ्या आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या, मी मोडक्यातोडक्या जर्मनमधे विचारलं, त्यांनी माझ्या फोनवरचं अॅग्रीमेंट बघितलं आणि नुसती मान हलवली. म्हणाल्या, या महिन्यात तू तिसरी. मग मला पायरीवर बसवून वरून पाणी आणून दिलं. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

हॉटेलचे रेट ऑक्टोबरफेस्टमुळे आभाळाला टेकलेले. मराठी लोकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, नाशिकच्या एक ताई म्युनिकजवळ गार्शिंगला राहायच्या, त्या म्हणाल्या, "अगं आधी इकडे ये, बाकीचं नंतर बघू." सतरा दिवस मी त्यांच्या हॉलमधे झोपले. पैसे गेले तेवढंच नव्हतं. पत्ता नाही म्हणून अनमेल्डुंग नाही, ते नाही म्हणून मी गेले त्या बँकेने खातं उघडलं नाही, आणि खातं नाही म्हणून व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटेनात. दर महिन्याला ९३४ युरो मिळायचे ते माझेच पैसे, पण हातात येईनात. ताईंच्या मुलाचा वाढदिवस होता तेव्हा एक चॉकलेट घेताना सुद्धा मी हिशोब करत होते.

मी उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई मला पोलिसांकडे घेऊन गेल्या, तक्रार घेतली, केस नंबर मिळाला. इकडे पप्पांनी १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन केला, बँकेत रिकॉलचा, म्हणजे पैसे परत मागवायचा अर्ज दिला. पण पाच आठवडे उलटून गेलेले, त्या खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. शंका आली की त्याच तासाला बँकेला कळवा, लाजत बसू नका.

त्याच हॉलमधे बसून मी ते फोटो परत बघितले. किचनच्या ओट्यावरचा प्लग पॉइंट मोठा करून बघितला तर तीन चपट्या पिनांचा, इंग्लंडमधला. जर्मनीत गोल खोलगट सॉकेट असतो, दोन गोल पिनांचा. ताईंच्या भिंतीवर तोच होता, माझ्या डोळ्यासमोर. म्हणजे आतले फोटो दुसऱ्याच देशातल्या घराचे होते. आणि डिपॉझिटचं म्हणाल तर जर्मनीत कायद्याने ते तीन हप्त्यात देता येतं आणि पहिला हप्तासुद्धा भाडं सुरू होताना द्यायचा असतो. जो महिनाभर आधी सगळं एकदम मागतो त्याला हे विचारा.

मला वाटलं होतं संपलं एकदाचं. नोव्हेंबरमधे इन्स्टाग्रामवर नागपूरच्या एका मुलाचा मेसेज आला, "हॅलो, तुम्ही म्युनिकला रूम रेंटने देताय का?" त्याने स्क्रीनशॉट पाठवला. माझा पासपोर्ट, माझा फोटो, आणि खाली "मी सध्या लंडनला असते". म्हणजे मला पाठवलेला तो पासपोर्टही अशाच कुणा फसलेल्या बाईचा असणार. त्या मुलाने पैसे भरायच्या आधी नाव सर्च केलं म्हणून वाचला, न शोधता भरणारे किती असतील देव जाणे. मी परत पोलिसांकडे गेले, त्याच केसला हे जोडून घेतलं, आणि पासपोर्ट हरवला नाही पण त्याची कॉपी चुकीच्या माणसाकडे आहे हे लेखी करून ठेवलं. पैसे पप्पांनी कसेबसे भरून काढले. पण माझ्या फोटोवर विश्वास ठेवून कुणी पैसे भरत असेल हा विचार आला की रात्री झोप लागत नाही. कॉपी द्यावीच लागली तर त्यावर आडवं मोठ्या अक्षरात तारीख आणि "फक्त अमुक रूमसाठी" असं लिहा, नंबर झाका, आणि घर कुणीतरी डोळ्यांनी बघेपर्यंत तेही देऊ नका.

त्या मुलाला दुसरी एक रूम सापडली, झेंडलिंगला. मी यूबानने, म्हणजे तिकडच्या मेट्रोने गेले, दारात उभी राहून व्हिडिओ कॉल लावला आणि बेलवरची नावं एकेक करून वाचून दाखवली. तिथे मालकाचं नाव होतं, तो स्वतः खाली आला, रूम दाखवली. मार्चमधे परत येईपर्यंत मी अशा अजून चार बिल्डिंग बघून आले. दोन ठिकाणी नाव नव्हतं. म्युनिकची रूम बघायची असेल तर मला मेसेज करा, ताई अजून गार्शिंगलाच आहेत आणि त्या जातो म्हणाल्यात.