पाऊल उचलणारे यंत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून माझे उजवे पाऊल चालताना लोंबते. त्यासाठी घेतलेल्या फूट ड्रॉप स्टिम्युलेटरबद्दल, म्हणजे करंट देऊन पाऊल उचलणाऱ्या यंत्राबद्दल, आठ महिन्यांनी लिहीत आहे, कारण त्याच्या टाचेखालच्या स्विचची वायर गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा तुटली.

ही कल्पना १९६१ साली लिबरसन या डॉक्टरांनी मांडली आणि यंत्र अजूनही त्याच तत्त्वावर चालते. टाच उचलली की स्विचवरचा भार जातो, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेला पॅडमधून करंट मिळतो आणि पाऊल वर येते. टाच टेकली की करंट थांबतो. पॅड बोटभर सरकला तरी पाऊल वर न येता बाहेर वळते, म्हणून पत्नीने माझ्या पायावर पेनाने खुणा करून ठेवल्या आहेत.

माझा राग आहे तो वायरीवर. आपण घरात अनवाणी वावरतो आणि हा स्विच मात्र बुटासाठी बनवलेला आहे. तो मोज्यात घातला की वायर घोट्यापाशी प्रत्येक पावलाला दुमडते आणि नेमकी तिथेच तुटते. सर्व्हिस सेंटरने दोन्ही वेळा सांगितले की वायर सुटी मिळत नाही, १,८०० रुपयांचा संच घ्यावा लागेल. पहिल्यांदा मी घेतला. दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने चाळीस रुपयांत डाग देऊन वर रबरी नळी चढवून दिली, आणि तो जोड अजून टिकून आहे.

यंत्राविषयीचे माझे मत मात्र बदलले. पहिले दोन महिने मी पाय करंटच्या स्वाधीन करून चालत होतो. मग फिजिओथेरपिस्ट ताई रागावल्या, "काका, करंट येतो त्याच क्षणी तुम्हीही जोर लावा, नुसते उचलवून घेऊ नका." तेव्हापासून रोज अर्धा तास तसाच सराव केला. वायर तुटल्यावर अकरा दिवस यंत्राविना काढावे लागले, तेव्हा सकाळी स्वयंपाकघराचा उंबरठा अंगठा न अडखळता ओलांडला गेला. त्या दिवशी मी तो पुन्हा पुन्हा ओलांडून पाहिला. संध्याकाळी थकल्यावर अंगठा अजूनही फरशीला घासतो, आणि तेव्हा यंत्र लागतेच.

पायाच्या त्या नसेलाच इजा झाली असेल तर याचा उपयोग होत नाही आणि पेसमेकर असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी सुटी वायर मिळेल का, हे लेखी घ्या.