लग्नाचं शूट की साधं सेशन: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच, तोच फोटोग्राफर, तोच कॅमेरा, मग फॅमिली शूटला जो रेट सांगतो त्याच्या कितीतरी पट लग्नाला कसा काय? ‘लग्न’ म्हटलं की थोडा भाव चढतो हे खरंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण बाकीचा फरक बऱ्यापैकी खरा असतो.

साधं सेशन तास-दोन तासांचं. वेळ फोटोग्राफर ठरवतो, बहुतेक वेळा ऊन उतरल्यावरची, म्हणजे उजेड मऊ मिळतो. पोर रडायला लागलं तर थांबायचं, पाऊस आला तर पुढच्या रविवारी. लग्नात यातलं काहीच त्याच्या हातात नाही. हॉलमध्ये वर पिवळे दिवे, खिडकीतून निळसर उजेड, स्टेजवर रंगीत एलईडी. केल्विन या उजेडाच्या रंगाच्या मापात पिवळे दिवे ३००० च्या आसपास, दिवसाचा उजेड ५५०० च्या, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक रंग सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. उजेड कमी म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२००-६४०० पर्यंत न्यावा लागतो, म्हणून मग मोठ्या अपर्चरच्या, म्हणजे जास्त उजेड आत घेणाऱ्या महागड्या लेन्स, फ्लॅश, ढीगभर बॅटऱ्या आणि ऐनवेळी कॅमेरा बंद पडला तर गळ्यात दुसरा तयार. सेशनला कॅमेऱ्याने दगा दिला तर तारीख बदलता येते, लग्नाचा मुख्य क्षण निसटला की निसटला. (काही जण बिनधास्त ‘परत एकदा करा’ म्हणतात, तेव्हा घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात!)

आणि खरं काम तर तो घरी गेल्यावर सुरू होतं. समजा दिवसभरात ३००० रॉ फाइल (कॅमेऱ्यातले प्रक्रिया न केलेले मूळ फोटो) निघाल्या आणि एक फाइल ३० एमबीची धरली तर झाले ९० जीबी, दुसरा फोटोग्राफर असेल तर जवळपास दुप्पट, शिवाय त्याच्या दोन-तीन कॉपी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. मग डोळे मिटलेले, हललेले, एकसारखे फोटो बाजूला काढायचे आणि त्यातून ६०० ठेवले, प्रत्येकाला फक्त २ मिनिटं दिली तरी एडिटिंगचेच २० तास होतात, अल्बमचं डिझाइन आणि ‘या फोटोऐवजी तो घाला’ हे वेगळंच. सेशनचे ४० फोटो त्याच हिशोबाने दीड तासाच्या आत उरकतात.

तारखेचंही गणित आहे. सेशन एका दिवसात दोन-तीन बसतात, लग्नाला अख्खा दिवस एकालाच द्यावा लागतो, सगळी लग्नं त्याच थोड्या तारखांना येतात आणि बाकीचे महिने तसेच जातात. त्या महिन्यांचं भाडं, हप्ते कुठून तरी निघायला हवेतच.

मग तुम्ही काय घ्यावं? कार्यक्रम छोटा असेल, दिवसाउजेडी असेल, माणसं मोजकी असतील तर सेशन करणाऱ्यालाच ३-४ तासांसाठी बोलवा, फुल डे पॅकेजची गरज नाही. मोठा हॉल, संध्याकाळचा कार्यक्रम, दोन्हीकडची भरपूर मंडळी असतील तर मात्र लग्नाचा अनुभव असलेलाच माणूस घ्या, तिथे पोर्ट्रेटवाला कितीही भारी असला तरी गडबडतो, कारण त्याला समोरच्याला उभं करून फोटो काढायची सवय असते आणि इथे कोणी उभं राहत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर अल्बम नंतर करा, तास कमी करा, ड्रोन तर सरळ उडवून लावा, माझ्या मते त्याने फक्त मांडवाचं छत चांगलं दिसतं. दुसऱ्या फोटोग्राफरवर मात्र मोठ्या लग्नात काटकसर नको, एकाच वेळी स्टेजवरचा क्षण आणि समोर बसलेल्या आईचा चेहरा एकटा माणूस टिपणार कसा?

बुक करण्याआधी इन्स्टावरचे निवडक फोटो बघून भुलू नका, एका पूर्ण लग्नाची गॅलरी दाखवा म्हणा, त्यात रात्रीचे आणि हॉलमधले फोटो कसे आलेत ते बघा. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो सेव्ह होतात का विचारा, एक कार्ड करप्ट झालं तर दुसरं असतं. आणि करारात डिलिव्हरीची तारीख, एडिट केलेल्या फोटोंचा आकडा आणि प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव लिहून घ्या, ‘आमची टीम येईल’ एवढंच म्हणत असतील तर त्या टीममधल्या माणसांनी काढलेले फोटो आधी बघायला मागा आणि मगच अॅडव्हान्स द्या.