स्वस्त जॉयस्टिक, आठ महिन्यांनी: सगळं ठीक, ट्विस्ट सोडून

चार हजारांच्या आतली, उजव्या हाताची, बारा बटणं, एक हॅट (अंगठ्याने चारी बाजूंना ढकलायचं बटण), थ्रॉटलची (इंजिनाच्या शक्तीची) पट्टी आणि दांडा पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी पट्टी) चालवायची सोय, म्हणजेच ट्विस्ट, असलेली, कॉम्प्युटरवर विमान उडवायची जॉयस्टिक. वापर आठ महिने, रोज साधारण तासभर. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे बिघडलं ते या भावातल्या पॉटवाल्या (पॉट म्हणजे आत घासत फिरणारा सेन्सर) स्टिकमध्ये त्याच जागी आणि त्याच कारणाने बिघडतं, एकट्या कंपनीला धोपटून उपयोग नाही. खोक्यावरची माहिती सगळ्यांना पाठ असते, तीही परत उगाळत नाही.

चांगलं ते आधी उरकतो. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडची हालचाल पहिल्या दिवशी होती तशीच आहे. ट्रिगर ढिला झालेला नाही. हॅट जरा करकरते, पण चुकत नाही. तळ हलका आहे, त्यामुळे जोरात मागे ओढलं की पुढची बाजू उचलली जाते. सक्शन कप सनमायकावर धरतात, पॉलिशच्या लाकडावर तासाभरात सोडतात. त्यावर उपाय म्हणजे 18 मिमी प्लायचा 12 बाय 10 इंची तुकडा. स्टिक त्यावर वेल्क्रोने बसवायची आणि प्लाय टेबलाला सी-क्लॅम्पने आवळायचा. सुताराकडे उरलेला तुकडा मागितला तर बहुधा तो पैसेही घेत नाही.

आता ट्विस्ट.

साडेतीन महिन्यांनी पहिलं लक्षण दिसलं. सिम्युलेटरमध्ये सेसना 172 हे छोटं विमान धावपट्टीवर उभं, हात स्टिकपासून लांब, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर रडर माशाच्या शेपटीसारखा फडफडतोय. उभ्या विमानात ते गमतीचं वाटतं. टेकऑफला 50 नॉटच्या वर गेल्यावर नाक एकदम डावीकडे झटका मारतं तेव्हा गंमत संपते. विंडोजमध्ये रन उघडून joy.cpl टाइप करतात (आपल्या भाषेत जॉय डॉट सीपीएल), त्या खिडकीत 'झेड रोटेशन'ची पट्टी असते. पण ती जाडीभरडी असल्यामुळे बारीक थरथर त्यात दिसत नाही. ब्राउझरमध्ये चालणारं कुठलंही गेमपॅड टेस्टर उघडा, तिथे प्रत्येक अक्षाचा (हालचालीच्या दिशेचा) आकडा दशांशात दिसतो. हात न लावता हा आकडा शून्याजवळ स्थिर राहायला हवा. इथे तो शून्यावरून 0.11 पर्यंत उड्या मारत होता.

कारण साधं आहे. स्वस्त स्टिकचा ट्विस्ट पोटेन्शियोमीटरवर, म्हणजे पॉटवर चालतो. रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तोच प्रकार: कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. पॉट पूर्ण फिरला तर साधारण 300 अंश फिरतो, पण दांडा दोन्ही बाजू धरून पिळला जातो जेमतेम 45-50 अंश. म्हणजे पट्ट्याचा सहावा हिस्सा सगळा मार खातो आणि बाकीचा कोरा राहतो. त्या सहाव्या हिश्श्यातही सगळ्यात जास्त घासतो तो मध्यबिंदू, कारण नुसतं नाक वर उचलायला स्टिक ओढली तरी मनगट नकळत एक-दोन अंश पिळलं जातंच. जिथे रडर स्वस्थ बसायला हवा नेमका तिथलाच कार्बन आधी झिजतो. त्याची पूड जिभेखाली अडकली की संपर्क तुटतो-जुळतो, आणि आकडा उडतो.

खोक्यावरची जाहिरात इथे फसवते. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोमध्ये मुख्य दोन अक्ष 10 बिटचे, म्हणजे 1024 पायऱ्यांचे आहेत; ट्विस्ट आणि थ्रॉटल मात्र 8 बिट, 256 पायऱ्या. थ्रस्टमास्टरची टी.16000एम हॉल सेन्सरसाठी (काही न घासता चुंबकावर चालणारा सेन्सर) नावाजलेली. मुख्य अक्षांना खरोखरच 16384 पायऱ्या आहेत, पण हॉल सेन्सर त्या दोन अक्षांपुरतेच. ट्विस्ट तिथेही पॉटवर आणि तिथेही 256 पायऱ्या. 'हॉल इफेक्ट' ही अक्षरं पाहून जास्त पैसे मोजणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. (टी.16000एम डावखुऱ्यांनाही चालते, अंगठ्याचा आधार बदलता येतो. डावखुऱ्यांना फारशी निवड नसते, त्यांनी ट्विस्टसकट ती घ्यावी.)

न्यायाने बोलायचं तर एका बाजूला 128 पायऱ्या रडरला पुरतात. टेस्टरमध्ये आकडा 0.0078 च्या टप्प्याने हलताना दिसला तर घाबरू नका, ते 8 बिटचं लक्षण आहे, बिघाडाचं नाही. अडचण उड्यांची आहे.

सगळे जण आधी सांगतात ते म्हणजे डेड झोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा) वाढवा. 12 टक्के ठेवला की फडफड थांबते. पण मग मध्यापासून दोन्हीकडे अडीच-तीन अंश पिळूनही काहीच होत नाही, आणि पुढे एकदम होतं. याचा हिशेब पुण्याच्या लोहगाव विमानतळावर लागतो. धावपट्टी 28 वर (म्हणजे 280 अंशांच्या दिशेने) उतरताय आणि पावसाळ्यातला वारा 240 अंशांवरून 20 नॉटने येतोय असं धरा. धावपट्टीशी कोन 40 अंश, म्हणजे आडवा वारा सुमारे 13 नॉट, डावीकडून. नाक वाऱ्याकडे वळवून यायचं, आणि टेकण्याआधी उजवा रडर देऊन नाक सरळ करताना डावा पंख खाली धरायचा. ट्विस्ट स्टिकवर याचा अर्थ एकाच मनगटाने डावीकडे झुकवायचं आणि त्याच वेळी उजवीकडे पिळायचं. हे मुळातच अवघड, त्यात मधला पट्टा मेलेला. रडर आधी येतच नाही, मग भसकन येतो, आणि विमान तिरकं आदळतं. डेड झोन 3 ते 5 टक्क्यांत भागत असेल तर ठीक. त्याहून जास्त लागला तर स्टिक उघडायची वेळ झाली असं समजा.

ट्विस्ट नकोच असेल तर रडर आपोआप सांभाळायची सोय मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये असिस्टेड योक नावाने आहे, फ्लाइटगियर या सिम्युलेटरमध्ये ऑटो-कोऑर्डिनेशन नावाने. फ्लाइटगियर फुकट आहे, पैसे संपवून स्टिक घेतलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पण ग्लायडर उडवणार असाल तर या सोयींवर विसंबू नका. लांब पंखांच्या विमानात एलेरॉन (विमान झुकवणारी पंखांवरची पट्टी) दिला की नाक आधी उलट्या बाजूला जातं, रडर हवाच. हेलिकॉप्टरला तर विचारूच नका.

वॉरंटी वर्षाची होती. सेवा केंद्राने आधी ड्रायव्हर परत टाकायला सांगितलं (या स्टिकला ड्रायव्हर लागतच नाही, विंडोज तिला आपोआप ओळखते), आणि तीन आठवड्यांनी 'वापरातली झीज वॉरंटीत बसत नाही' असं एका ओळीत कळवलं. जॉयस्टिक वापरल्याशिवाय कशी बिघडवायची ते मात्र कळवलं नाही.

तेव्हा उघडली. तळाच्या रबरी पायांखाली दोन स्क्रू लपलेले असतात आणि एक वॉरंटीच्या स्टिकरखाली. दांड्यातले स्क्रू खोल असल्याने लांब, बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो. उघडण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो काढा. दांड्याचे दोन भाग हळू सोडवा, ट्विस्टची स्प्रिंग उडाली की कपाटाखालीच सापडते.

पॉटच्या फटीत 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडायचे, टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचा आणि अर्धा तास वाळू द्यायचा. बिजागऱ्यांना मारतात तो गंज सोडवायचा साधा स्प्रे इथे वापरू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढची धूळ त्यालाच चिकटते. सफाईनंतर आकडा दगडासारखा स्थिर झाला. 'स्वस्त स्टिक उगाच बदनाम आहेत, फक्त साफ ठेवा' असं त्या आठवड्यात माझं ठाम मत होतं.

ते मत पाच आठवडे टिकलं.

झिजलेला कार्बन सफाईने परत येत नाही. नवा पॉट लागतो, आणि तो पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास सहज मिळतो. जुना पॉट सुटा करून बरोबर न्या. त्याआधी मल्टिमीटरने बाहेरच्या दोन पायांमधला रोध मोजा. बहुतेक 10 के (10 हजार ओहम) येतो, काहींत 100 के. दुकानात 'लिनिअर' (सगळीकडे सारखा बदलणारा) असं स्पष्ट सांगा आणि अंगावर बी10के छापलंय का पाहा. ए10के म्हणजे आवाजासाठीचा लॉग प्रकार, तो बसवला तर रडर एका बाजूला सुस्त आणि दुसऱ्या बाजूला अतिउत्साही होतो. दांडीचा आकार जुळायला हवा. डी आकाराच्या दांडीची सपाट बाजूही त्याच दिशेला हवी, नाहीतर मध्यबिंदू पट्ट्याच्या टोकाला जाऊन बसतो. पॉट चाळीस रुपयांना मिळाला, पार्किंगलाच जास्त वेळ गेला.

बाजारात जायचंच नसेल तर एक फुकटची युक्ती. थ्रॉटलचा पॉट फिरता आणि तेवढ्याच रोधाचा असेल तर दोन्हींची अदलाबदल करा. थ्रॉटल एका जागी ठेवून दिला जातो, त्याचा मध्य फारसा झिजत नाही. झिजलेला पॉट तिकडे गेला की इंजिनाची शक्ती मध्येच जराशी हलते, विमान धावपट्टीबाहेर जात नाही.

सोल्डरिंगला 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. टोक पॉटच्या पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं. रडर उलटा चालला तर घाबरायचं नाही, बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, मधली तशीच. शेवटी विंडोजमधलं जुनं कॅलिब्रेशन 'रीसेट टू डिफॉल्ट'ने पुसून नव्याने करा, कारण जुनं राहिलं तर नवा पॉटही वेडावाकडा दिसतो.

पॉटऐवजी हॉल सेन्सर बसवणार असाल तर 49ई मागा. नुसतं 'हॉल सेन्सर' म्हटलं की हातात 3144 पडतो. तो स्विच आहे, चालू किंवा बंद, मधलं काही नाही. 49ई चुंबकाच्या जोरानुसार व्होल्टेज देतो, 5 व्होल्टवर चुंबक नसताना साधारण 2.5. घासणारं काहीच नसल्यामुळे झीज नाही. मात्र चुंबक दांडीच्या बरोबर मध्यावर चिकटवणं हे खरं काम आहे, एक-दोन मिलिमीटर सरकला तरी दोन बाजूंचा आवाका वेगळा येतो.

नव्या पॉटने दोन महिने उत्तम काढले. आणि आठव्या महिन्यात ट्रिगर मध्येच बंद पडायला लागला, म्हणून हे लिहायला घेतलं. दोष पुन्हा ट्विस्टचाच. दांड्यातली सगळी बटणं वायरींनी तळाशी जोडलेली असतात, आणि दांडा पिळला की त्या वायरीही पिळल्या जातात. रोज शेकडो वेळा. आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे उघडून पाहिलं तरी सगळं ठीक दिसतं.

म्हणून ओळखायची रीत सांगतो. आकडा एका ठरावीक जागीच उडत असेल तर पॉट. दांडा एका बाजूला पिळल्यावर बटणं किंवा हॅट मरत असतील तर वायर. हात न लावता सगळेच अक्ष एकदम थरथरत असतील तर यूएसबी. हब काढून मागच्या पोर्टला थेट लावा. थोडा वेळ न वापरल्यावर स्टिक गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

वायर बदलताना सिलिकॉन आवरणाची, बारीक अनेक तारांची घ्या, एकतारी कडक वायर महिन्यात तुटेल. मुळात होती त्यापेक्षा दीड-दोन इंच लांब ठेवा आणि दांड्याभोवती एक सैल वेढा द्या, म्हणजे पीळ त्या वेढ्यात विरतो. स्प्रिंगच्या कड्यांत ती अडकत नाही ना, हे बंद करण्याआधी दहा वेळा पिळून पाहा.

आज कोणी विचारलं तर? फक्त प्रवासी विमानं उडवायची असतील तर हीच किंवा अशीच कुठलीही घ्या, ऑटोपायलटला ट्विस्ट लागत नाही. छोटी विमानं, ग्लायडर, हेलिकॉप्टर असतील आणि सोल्डरिंग जमत असेल, तरीही हीच घ्या आणि खरेदीबरोबरच दोन बी10के आणून ठेवा. सोल्डरिंग जमत नसेल तर ट्विस्टलाही बिनघर्षणाचा सेन्सर आहे असं स्पष्ट लिहिलेली स्टिक घ्या, नुसत्या 'हॉल' या शब्दावर नाही. जुन्या बाजारात 15 पिनांची, यूएसबीच्या आधीची गेमपोर्ट स्टिक स्वस्तात दिसली तर मोहात पडू नका. तिचे 100 के पॉट दोनच पायांवर जोडलेले असतात. यूएसबीवर आणायला तिसरा पाय जोडून आर्डुइनो प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवावा लागतो. जुना आर्डुइनो ऊनो (आर3) त्या कामाचा नाही, त्याची मुख्य चिप यूएसबी बोलत नाही.

नवी स्टिक आली की परत करायची मुदत संपायच्या आत एकच गोष्ट करा. टेस्टर उघडा, दांडा डावीकडे पूर्ण पिळून सोडा, आकडा लिहा. उजवीकडे पिळून सोडा, आकडा लिहा. असं दहा वेळा. दोन बाजूंनी परतणाऱ्या आकड्यांत 0.04 पेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग किंवा पॉटची बैठक सैल आहे. त्याच दिवशी परत पाठवा.