घरच्या पोकर स्पर्धेत आयोजकाचा वाटा: टक्केवारी की खर्चाची वर्गणी?

टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास, प्लेनो किंवा फ्रिस्कोसारख्या उपनगरांत राहणाऱ्या आणि महिन्याकाठी घरी मित्रमंडळींची नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराची स्पर्धा भरवण्याच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी हा आढावा आहे. पत्ते, चिप्स आणि ब्लाइंडचे (प्रत्येक डावात सक्तीने लावायच्या पैजांचे) वेळापत्रक यांबद्दल येथे काही सांगत नाही, कारण तेवढे ज्ञान असल्याशिवाय कोणी आयोजनाच्या भानगडीत पडत नाही. अडते ते आयोजकाने किती घ्यावे आणि कोणत्या वाटेने घ्यावे या प्रश्नापाशी. प्रचलित वाटा दोन आहेत. एकीत प्रत्येक बाय-इनमधून, म्हणजे खेळाडूने भरलेल्या प्रवेशाच्या रकमेतून, ठरावीक टक्के आयोजक ठेवून घेतो आणि उरलेली रक्कम बक्षिसांत जाते. दुसरीत बाय-इनची सगळी रक्कम बक्षिसांतच जाते आणि त्या संध्याकाळचा प्रत्यक्ष खर्च वेगळा वाटून घेतला जातो. मी दोन्ही पद्धतींच्या टेबलांवर खेळलो आहे आणि माझ्या घरी यांपैकी एक निवडून स्थिरावलो आहे. कोणती, ते पुढे उघड होईलच.

तुलनेआधी कायद्याची चौकट पाहणे भाग आहे, कारण तिच्यामुळे या दोन पद्धती मुळात समान पातळीवर राहत नाहीत. टेक्सासच्या दंडसंहितेचे कलम ४७.०२ पैशांवर पत्ते खेळणे हा गुन्हा ठरवते. मात्र खेळ खाजगी जागेत झाला, वैयक्तिक जिंकण्यापलीकडे कोणालाही आर्थिक लाभ झाला नाही, आणि कौशल्य व नशीब सोडता हरण्या-जिंकण्याची शक्यता सर्वांना सारखी होती, अशा तीन गोष्टी एकत्र असल्या तर खेळणाऱ्याला बचाव मिळतो. यांतली मधली अट आयोजकाच्या टक्केवारीवर नेमके बोट ठेवते. बचाव गेला तर नुसत्या खेळाडूचा गुन्हा सर्वांत खालच्या, म्हणजे ‘क’ वर्गाचा आणि फक्त दंडाचा असतो. जुगाराची जागा चालवणे किंवा त्यातून कमाई करणे हा मात्र ‘अ’ वर्गाचा गुन्हा असून त्यात एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. खाजगी जागेच्या व्याख्येतून अपार्टमेंट संकुलांच्या सामाईक जागा स्पष्टपणे वगळल्या आहेत, हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे वाढदिवसासाठी जे क्लबहाऊस आपण सहज घेतो, ते या कामासाठी बाद. उरते ते स्वतःचे घर. मी वकील नाही, त्यामुळे हा परिच्छेद सल्ला म्हणून न वाचता स्वतः चौकशी करण्याचे निमित्त म्हणून वाचावा.

तरीही टक्केवारीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ओक्लाहोमाच्या सीमेपलीकडे विनस्टार किंवा चॉक्टॉ या कॅसिनोंत जाऊन आलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचेच उदाहरण घेतले, तर १०,००० डॉलरच्या प्रवेशातून ९,३०० डॉलर बक्षिसांकडे जातात, म्हणजे आयोजनासाठी सात टक्के राखले जातात. २००३ साली ८३९ खेळाडू होते तेव्हाही हेच प्रमाण होते आणि २०२४ साली १०,११२ खेळाडू झाले तेव्हाही हेच. बाय-इन जितका लहान, तितका हा टक्का सर्वसाधारणपणे चढत जातो, कारण पत्ते वाटणाऱ्या डीलरला टेबलावर बसवण्याचा खर्च बाय-इन पाहून कमी होत नाही. त्यामुळे घरच्या पन्नास डॉलरच्या स्पर्धेत आयोजक दहा टक्के मागतो, तेव्हा तो आकडा वरकरणी माफकच वाटतो. शिवाय आयोजकाला हिशेब ठेवावा लागत नाही, माणसे वाढली की रक्कम आपोआप वाढते, आणि ऐन वेळी दोघे आले नाहीत म्हणून उरलेल्यांकडे जादा पैसे मागण्याची वेळ येत नाही.

पण कॅसिनोतल्या त्या टक्क्यांच्या बदल्यात काय मिळते, तेही मोजायला हवे. तेथे पगारी डीलर असतो, वाद झाला तर निर्णय देणारा फ्लोअर मॅनेजर असतो, कॅमेरे असतात, सुरक्षारक्षक असतात आणि या सगळ्यांवर परवान्याचे बंधन असते. घरी पत्ते आपणच पिसतो, वाद आपणच मिटवतो, आणि घड्याळ म्हणजे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावलेले एखादे फुकटचे ॲप असते. चिप्सची पेटी एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरते, आणि पूर्ण प्लास्टिकचे पत्ते पुसून पुन्हा वापरता येतात. खरा खर्च उरतो तो खाण्यापिण्याचा. कॅसिनोचा टक्का घरी आणताना त्यामागची सेवा मात्र तेथेच राहते, ही माझी पहिली शंका होती. पण तेवढ्यावरून मी टक्केवारीच्या विरोधात गेलो नसतो.

मला त्या पद्धतीपासून दूर नेले ते री-बायने.

पहिला एक-दीड तास री-बाय, म्हणजे बाद झालेल्याने पुन्हा पैसे भरून खेळात परतणे, खुला ठेवणे ही घरच्या स्पर्धेची गरजच असते, कारण शनिवारी इतक्या लांबून गाडी चालवत आलेल्या मित्राला पहिल्याच अर्ध्या तासात सोफ्यावर बसवून ठेवणे कोणालाही बरे वाटत नाही. आता टक्केवारीच्या टेबलावर काय होते ते पाहा. प्रवेश पन्नास अधिक आयोजकाचे पाच असा ठरलेला असतो. राजांची जोडी घेऊन बसलेला मित्र समोरच्याच्या एक्का-दहाला शेवटच्या पत्त्यावर हरतो, हसून मान हलवतो आणि वीस-वीसच्या तीन नोटा पुढे करतो. चिप्सच्या पेटीचे उपडे ठेवलेले झाकण हीच तिजोरी, आणि त्यात वीस-वीसच्या नोटांखेरीज काही नसते. परत द्यायला पाचाची नोट नाही, म्हणून झाकणातल्या चिठोऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘५ देणे’ असे लिहिले जाते, आणि आणखी दोन री-बाय झाल्यावर ते देणे कोणाचे, हे कोणालाच नीट आठवत नाही. हा झाला वरवरचा त्रास. मुख्य प्रश्न असा, की त्या दुसऱ्या पाच डॉलरमध्ये मित्राला मिळाले काय? खुर्ची तीच, टेबल तेच, ताटही तेच. त्याने पुन्हा पैसे भरल्याने आयोजकाचा एक छदामही वाढीव खर्च झालेला नसतो.

आकड्यांत मांडायचे तर समजा अठरा जण आले आणि दहा री-बाय झाले. पन्नासमधूनच दहा टक्के कापणाऱ्या घरी आयोजकाकडे १४० डॉलर जमतात, त्यातले पन्नास केवळ री-बायचे, आणि बक्षिसांसाठी १,२६० उरतात. पहिल्या तिघांत पन्नास-तीस-वीस अशी वाटणी केली, तर ६३०, ३७८ आणि २५२ अशा रकमा येतात. कपात नसेल तर तीच बक्षिसे ७००, ४२० आणि २८० होतात. दुसरा आलेल्या माणसाच्या दृष्टीने हा बेचाळीस डॉलरचा फरक आहे, आणि तो रात्री एक वाजता जाणवतो.

याहून मला खटकते ती यातून जन्मणारी शंका. दहा हजारांचा स्टॅक (सुरुवातीला मिळणाऱ्या चिप्स) आणि १००-२००चे ब्लाइंड म्हणजे पन्नास मोठ्या ब्लाइंडची सुरुवात. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढवले तर खेळायला सवड मिळते. बारा मिनिटांनी वाढवले तर लोक लवकर बाद होतात आणि री-बाय वाढतात. टक्केवारी घेणाऱ्या यजमानाने ‘आज उशीर झालाय, लेव्हल जरा लहान ठेवू या’ असे अगदी निर्मळ मनाने म्हटले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात गणित सुरू होतेच. मी ज्या घरी हे पाहिले तेथे यजमानाच्या हेतूबद्दल मला आजही संशय नाही. पण वेळापत्रकाबद्दल त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे मात्र हळूहळू अवघड होत गेले. ज्याच्या हाती घड्याळ आहे, त्याचा फायदा घड्याळाशी बांधलेला नसावा, असे मला तेव्हापासून वाटते. माझ्या अंदाजाने री-बाय अजिबात नसलेली स्पर्धा असेल, तर टक्केवारीवरचा हा आक्षेप बराच सौम्य होतो. कायद्याचा आक्षेप मात्र तसाच राहतो.

वर्गणीची पद्धत यावर साधा तोडगा काढते, पण तीही निर्दोष नाही. गणेश मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो, तशी येथे बिले उघडी ठेवावी लागतात, आणि दहा-बारा डॉलरसाठी बिलाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे काही यजमानांना कमीपणाचे वाटते. शाकाहारी मंडळी चिकन विंग्जच्या रकमेकडे बोट दाखवतात. आठ वाजता येऊन नऊला बाद होऊन निघालेला माणूस ‘मी जेवलोच नाही’ म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. सर्वांत मोठा अन्याय यजमानावरच होतो. टेबले मांडणे, स्टॅक मोजून ठेवणे, स्वतःचा हात अर्ध्यावर सोडून वाद मिटवणे आणि सगळे गेल्यावर गालिच्यावरचा चिवडा झाडणे, या श्रमांचे मोल वर्गणीच्या हिशेबात कोठेच येत नाही.

यजमानाला निदान फुकट प्रवेश द्यावा, ही सूचना प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी येते. दिसायला ती सौजन्याची आहे, परंतु इतरांच्या पैशांतून भरलेल्या बक्षिसांवर एकाने काहीही न घालता हक्क सांगणे हा आर्थिक लाभच म्हणावा लागेल, आणि हरण्या-जिंकण्याची शक्यता सर्वांना सारखी असावी, या तिसऱ्या अटीलाही त्याने धक्का बसतो. त्यापेक्षा घर आळीपाळीने बदलावे. ज्यांचे घर लहान आहे त्यांनी त्या बदल्यात एखाद्या वेळी सगळे जेवण आणावे. आणि यजमानाने स्वतः काही शिजवण्याचा हट्ट धरू नये. आमच्याकडे वहिनींनी भरलेल्या वांग्यांचा बेत एकदा केला आणि पुढच्या प्रत्येक यजमानावर दडपण आले, ही त्यातली गोड अडचण.

वर्गणीचा एक बारकावा मात्र मी आग्रहाने सांगेन. ती खुर्चीवर नव्हे, ताटावर लावावी. जोडीदाराबरोबर आलेली आणि पत्त्यांना हातही न लावणारी व्यक्ती जेवत असेल, तर तिचाही वाटा धरावा. आणि कोणी खेळून न जेवता गेला, तर त्याच्याकडून काही घेऊ नये. असे केले की ती रक्कम खेळण्याचा आकार राहत नाही, मित्रांच्या कोणत्याही जेवणाची असते तशी वाटणी होते. कायद्याच्या कसोटीवर हा फरक किती टिकेल, हे जाणकारच सांगू शकतील. व्यवहारात तो चांगला टिकतो, कारण री-बाय कितीही झाले तरी ताटांची संख्या बदलत नाही.

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन येथील खाजगी कार्ड क्लबांनी शोधलेली तिसरी वाटही विचारात घेण्याजोगी आहे. ते पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, काही न कापता सभासदत्व आणि बसण्याचे तासावारी शुल्क घेतात. वेळेवर आकार लावण्याची कल्पना मला टक्केवारीपेक्षा न्याय्य वाटते, परंतु ज्यांना रोज दारे उघडायची आहेत त्यांची ती व्यवस्था आहे, आणि तिच्या कायदेशीरपणावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. महिन्यातून एकदा जमणाऱ्या मित्रांनी तिचे अनुकरण करण्यात मला अर्थ दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी यातले काहीही तसेच्या तसे उचलू नये, हे वेगळे सांगायला हवे. तेथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि जागेच्या वापराबद्दल आकार घेऊन मालकाने नफा कमावणे हाच त्यातल्या जुगारअड्ड्याच्या व्याख्येचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले आणि क्लबने सोयींसाठी थोडा आकार घेण्याला आक्षेप घेतला नाही. पण खेळातून नफा काढला जात असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात नमूद केले. तो निकाल रमीबद्दल होता, पोकरबद्दल नव्हे.

ज्यांचा कल वर्गणीकडे झुकत असेल, त्यांनी निमंत्रणातच चार गोष्टी लिहून टाकाव्यात: बाय-इन पन्नास आणि तो पूर्णपणे बक्षिसांत, री-बायही पन्नासच, वर काही नाही, जेवणाचा वाटा बिलाप्रमाणे आणि फक्त जेवणाऱ्यांकडून, दुसऱ्या दिवशी झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने, आणि ब्लाइंडचे वेळापत्रक सोबत जोडलेले, जे खेळ सुरू झाल्यावर बदलणार नाही. बाय-इनचे पैसे आणि जेवणाचे पैसे एकाच झाकणात ठेवू नयेत. वाटणीत शेवटी दोन-तीन डॉलर उरलेच, तर ते पुढच्या वेळच्या बर्फात घालावेत.