तिबेटी शिकायचं ठरलंय. पण पोथी वाचायला की शब्दाचा माग काढायला?

तिबेटी लिपीत ‘शंभर’ लिहायचे तर आधी ब, मग र, त्याच्या खाली ग आणि त्याच्याही खाली य अशी उतरंड रचावी लागते. ल्हासाचा माणूस मात्र ती वाचताना नुसतं ‘ग्या’ म्हणतो. ब आणि र डोळ्यांना दिसतात, कानावर पडत नाहीत.

आता दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. पहिल्याला हा शब्द शतसाहस्रिका प्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथाच्या तिबेटी नावात भेटतो. ‘शत’ कळलं की तो पुढे सरकतो, कारण त्याला ओळीचा अर्थ हवा आहे आणि मूळ संस्कृत काय असेल ते शोधायचं आहे. दुसरा तिथेच अडून बसतो. ब कुठे गेला? र कधी गळला? आणि मधला ग मुळात होता तरी का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, नव्हता. बर्मी आणि चिनी या तिबेटीच्या नातलग भाषा. बर्मी लेखनात शंभराला ‘रा’ आहे आणि प्राचीन चिनीची पुनर्रचना ‘प्रक’च्या जवळ जाते; र-च्या मागोमाग येणारा ग दोन्हीकडे नाही. तिबेटीत र आणि य यांच्या मध्ये हा ग नंतर शिरला. ली फांगक्वेई या चिनी भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने हा ध्वनिनियम ओळखला जातो. संस्कृत ‘वानर’चा मराठीत ‘वांदर’ होताना द शिरला, तसंच हे.

“तिबेटीत करिअर करावं का?” हा प्रश्न एकच वाटतो, पण त्याच्या पोटात हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. एक तिबेटी ग्रंथविद्या, म्हणजे पोथ्यांचं वाचन, पाठचिकित्सा आणि भाषांतर. दुसरा ऐतिहासिक भाषाविज्ञान. पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण जवळपास सारखंच असतं, म्हणून पुष्कळांना फरक उशिरा कळतो. तो आधी कळावा, म्हणून हे दोन्ही शेजारी ठेवून पाहतो आहे.

एकाचं भांडार, दुसऱ्याची अडचण

ग्रंथविद्येचं धन म्हणजे कांग्युर आणि तेंग्युर. बुद्धवचनांचे शंभरावर खंड आणि भारतीय आचार्यांच्या शास्त्रग्रंथांचे दोनशेवर. यांतल्या कितीतरी ग्रंथांचं मूळ संस्कृत आज हाती नाही. ते फक्त तिबेटी अनुवादात जगलं आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीला अनुवादकांनी संस्कृत-तिबेटी प्रतिशब्दांचा कोश केला, महाव्युत्पत्ति. त्यात साडेनऊ हजारांच्या आसपास नोंदी आहेत. कुठल्या संस्कृत शब्दाला कुठला तिबेटी शब्द वापरायचा, हे त्यामुळे ठरून गेलं. ‘बुद्ध’ या एका शब्दासाठी त्यांनी दोन शब्द जोडले, एक जागं होण्याचा आणि दुसरा फुलण्याचा: अज्ञानाच्या झोपेतून जागा झालेला आणि कमळासारखी बुद्धी उमललेला. संस्कृत येणाऱ्याला अशा भाषांतराच्या आड मूळ शब्द दिसू लागतो, आणि त्या आनंदासाठी माणसं आयुष्य देतात.

भाषेचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र हेच भांडार अडचणीचं. ही तिबेटी संस्कृतच्या मापाने कापलेली आहे. वाक्यरचना आणि शब्दांचा क्रम यांवर मुळाचं ओझं असतं. लोक खरोखर कसं बोलत असतील ते त्यातून काढणं कठीण. म्हणून तो वळतो अनुवाद नसलेल्या जुन्या मजकुराकडे: ल्हासात जोखांग मंदिरासमोर उभा असलेला इ.स. ८२१-२२ च्या चीन-तिबेट तहाचा शिलास्तंभ, मध्य आशियातल्या मीरान किल्ल्यातल्या लाकडी पट्ट्या, वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेली वार्षिक वृत्तं, पत्रं, करारनामे. त्या गुहेतले कागद १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओने नेले. आज त्यांतला मोठा भाग लंडन आणि पॅरिसच्या ग्रंथालयांत आहे. त्यांच्या प्रतिमा आणि लिप्यंतरं आता पुण्यात बसूनही पाहता येतात. आधीच्या पिढ्यांना हे सुख नव्हतं.

दुसऱ्या वाटेचा आणखी एक साठा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत श्रीमंत आहे: जिवंत बोली. ‘रक्त’ हा शब्द लिहितात ‘ख्रग’. ल्हासा त्याला ‘ठाक’ म्हणतं, लेहमध्येही ‘ठ’च ऐकू येतो, पण बाल्टी माणूस (बाल्टिस्तानचा, जे आज पाकिस्तानच्या ताब्यात आहे) आजही ‘ख्रक’ म्हणतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं लेखन आणि आजचं बाल्टी तोंड एकमेकांना दुजोरा देतात. उलट ल्हासाच्या बोलीत जुने व्यंजनसमूह मोडले आणि त्यांच्या जागी सूर आला: शब्द उंच सुरात म्हणायचा की खालच्या, यावर अर्थ बदलतो. गळून पडलेल्या व्यंजनांनी मागे सोडलेली ही खूण आहे.

बाल्टी ऐकायला सीमा ओलांडावी लागत नाही. १९७१ च्या युद्धानंतर भारतात आलेलं नुब्रा खोऱ्यातलं तुर्तुक हे बाल्टी गाव आहे. कारगिलला पुरिक बोली आहे, पलीकडे जांस्कार, लाहौल, स्पिती. लाहौलच्या केलांगमध्ये राहून येश्के या मोरावियन मिशनऱ्याने जो कोश केला, तो १८८१ मध्ये छापला गेला. बोलींकडे कान देऊन केलेलं ते काम आजही टेबलावर लागतं.

मराठी विद्यार्थ्याची शिदोरी

क ख ग ङ, च छ ज ञ, त थ द न, प फ ब म. तिबेटी वर्णमाला अशीच सुरू होते. घ, झ, ध, भ तेवढे नाहीत. लिपी ब्राह्मीच्याच कुळातली असल्याने पहिला आठवडा आपल्याला सोपा जातो. पुढे एक गंमत आहे, ती इतर भारतीयांपेक्षा मराठी माणसाला लवकर कळते. आपण ‘चहा’तला तालव्य च आणि ‘चमचा’तला दंततालव्य च एकाच अक्षराने लिहितो. तिबेटीत त्यांना वेगळी अक्षरं आहेत: च-वर एक छोटासा फराटा दिला की ‘चमचा’तला च. आणि संस्कृत शब्दातला च लिहिताना तिबेटी लेखक हे दुसरं, दंततालव्य अक्षर वापरतात. का? ज्या पंडितांकडून त्यांनी संस्कृत ऐकलं, त्यांचा च तसा होता का? पहिल्या वाटेचा माणूस हे लिप्यंतराचा संकेत म्हणून पाठ करतो. दुसऱ्या वाटेचा माणूस त्यावर शोधनिबंध लिहितो.

व्याकरणातही ओळखीची जागा भेटते. ‘रामाने भात खाल्ला’ यातल्या ‘ने’सारखा कर्त्याला लागणारा प्रत्यय तिबेटीत आहे. तो कधी लागतो आणि कधी नाही, हे शिकताना युरोपीय विद्यार्थी जितका गोंधळतो तितके आपण गोंधळत नाही.

संस्कृत झालं असेल तर पहिली वाट अर्धी चालून झाली असं समजा. पुण्यात तिची परंपराही आहे. पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातले अध्यापक तिबेटी घेऊन काम करणारे होते. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातून आणलेल्या सामग्रीवरून गोखल्यांनी वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशाच्या मूळ संस्कृत कारिका १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या. तोवर तो ग्रंथ अभ्यासकांना मुख्यतः तिबेटी आणि चिनी अनुवादांतून ठाऊक होता.

दुसऱ्या वाटेला संस्कृत पुरत नाही. जुनी बर्मी आणि प्राचीन चिनी यांच्याशी झगडावं लागतं, त्यासाठी आधुनिक चिनीही लागते, आणि महत्त्वाचं जुनं संशोधन जर्मन-फ्रेंचमध्ये आहे. या दोन भाषा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकता येतात, पण वर्षं मोजावी लागतात. क्लासिकल तिबेटी बऱ्यापैकी वाचायला दोन वर्षं पुरतात. तौलनिक काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला पाच-सहा वर्षं धरा.

कुठे शिकायचं

ग्रंथविद्येसाठी भारतासारखी जागा नाही, हे मी विचार करून म्हणतो आहे. सारनाथची केंद्रीय तिबेटी संस्था १९६७ पासून आहे. तिथे तिबेटीवरून लुप्त संस्कृत ग्रंथांच्या पुनरुद्धाराचं काम चालतं. शांतिनिकेतनात भारत-तिबेटी अध्ययन विभाग आहे, धरमशालेत १९७० साली सुरू झालेलं तिबेटी ग्रंथालय आहे, गंगटोकला नामग्याल संस्था, लेहजवळ चोगलमसरला बौद्ध अध्ययन संस्था. पुणे विद्यापीठाच्या पाली विभागात सुरुवात करता येते. आणि परंपरेने शिकलेले गेशे, म्हणजे मठातली पदवी मिळवलेले विद्वान, भेटतात ते कर्नाटकात, मुंडगोड आणि बैलकुप्पेच्या मठांत. कोल्हापूर किंवा गोव्याहून मुंडगोड काही लांब नाही. विदेशी अभ्यासकाला तिथे राहायला संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो, आपल्याला लागत नाही.

बोलायची तिबेटी वेगळी शिकावी लागते. पोथीची भाषा आणि तोंडची भाषा यांत मोठं अंतर आहे, आणि हे काम दोन्ही वाटांच्या विद्यार्थ्यांनी टाळू नये. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्याला तर घराजवळच बोलणारी माणसं आहेत.

भाषाविज्ञानाचा पाया डेक्कन कॉलेजमध्ये उत्तम घालता येतो. १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या त्या वास्तूत शब्दाचं वय काढण्याची सवय भिंतींतच मुरलेली आहे. पण तिबेटी-बर्मी तुलनेत खोल जायचं तर पुढे बहुधा युरोप किंवा जपान गाठावा लागतो. इथे एक सावधगिरी: या क्षेत्रात विद्यापीठापेक्षा माणूस पाहावा. जॉर्ज व्हॅन ड्रीम यांचा हिमालयीन भाषांचा प्रकल्प लायडनहून बर्नला गेला. नेथन हिल लंडनच्या सोआसमधून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. मार्गदर्शक हलला की त्या विषयाचं केंद्रही हलतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षी तिथे कोण शिकवतं आहे ते तपासा.

पोटाचा प्रश्न

तिबेटीचं म्हणून स्वतंत्र पद भारतात क्वचितच निघतं. ग्रंथविद्येचा माणूस पाली, संस्कृत किंवा बौद्ध अध्ययन विभागात जातो. नेट परीक्षेत या विषयांचे पेपर आहेत. शिवाय कांग्युरचा इंग्रजी अनुवाद करणारे प्रकल्प, मठांची प्रकाशनं, ग्रंथालयं यांत काम मिळतं. भाषाविज्ञानाच्या माणसाला नेट भाषाविज्ञानातून द्यावी लागते आणि नोकरी लागली तर तो प्रामुख्याने सामान्य ध्वनिविज्ञान आणि वाक्यविचार शिकवतो. तिबेटी ही त्याची रात्रीची आणि सुट्टीतली भाषा होते. पैशाचा हिशोब दोघांना सारखाच: जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, सहायक प्राध्यापक झालात तर मूळ वेतन ५७,७०० पासून.

परदेशात दुसऱ्या वाटेला मागणी जास्त दिसते, पण ती प्रकल्पापुरती, दोन-तीन वर्षांची. जर्मनीत तर कायद्यानेच विद्यापीठातल्या मुदतीच्या नेमणुकांना सर्वसाधारणपणे डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर घर बदलत राहण्याची तयारी आहे का, हे घरच्यांशी आजच बोलून ठेवा.

म्हणून माझं मत असं. संस्कृत पक्कं आहे, सहा-सात वर्षांत घराला हातभार लावायचा आहे आणि ग्रंथात काय म्हटलंय याची ओढ आहे, त्याने निःशंकपणे पहिली वाट धरावी. तिथे काम इतकं शिल्लक आहे की कुणी कुणाच्या आड येत नाही. ज्याला शब्दातला न उच्चारला जाणारा ब झोपू देत नाही, त्याने दुसरी धरावी. फक्त पहिली नोकरी उशिरा लागेल हे धरून चालावं.

दोन्हींच्या मध्ये एक पायवाट आहे आणि भारतीय विद्यार्थ्याला मी ती आधी दाखवतो: लडाख-लाहौलच्या बोलींची नोंद. तिबेटात जाऊन असं क्षेत्रकार्य करणं परवानग्यांमुळे फार अवघड. लडाख आपलंच आहे. २०२५ मध्ये तिथे भोटी आणि पुरगी (म्हणजे वरची पुरिक) यांना राजभाषेचा दर्जा मिळाला, म्हणजे शाळा, पाठ्यपुस्तकं, कोश यांसाठी जाणकार लागतील. एक पथ्य मात्र पाळा. आपल्या भाषेला कुणी ‘तिबेटीची बोली’ म्हटलेलं अनेक लडाखी लोकांना रुचत नाही. भाषाकुळाचं नाव वहीत ठेवा. घरात पाऊल टाकलं की ते आपल्या भाषेला जे म्हणतात तेच म्हणा.

आणि एकदम कायमचं ठरवायची घाई नको. अलेक्झांडर चोमा द क्यॉरॉस हा हंगेरियन माणूस स्वतःच्या भाषेचे नातलग शोधायला आशियात आला. ते सापडले नाहीत. जांस्कारच्या मठात थंडीत बसून तो तिबेटी शिकला आणि १८३४ मध्ये कलकत्त्याहून त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण निघालं. निघाला होता दुसऱ्या वाटेने, पोहोचला पहिलीवर.

पहिल्या वर्षाच्या शेवटी, उन्हाळ्यात, महिनाभर लेहला जा. दिवसा चोगलमसरला कुणाकडे तरी एक छोटा ग्रंथ लावून वाचा, संध्याकाळी बाजारात शंभर साध्या शब्दांची यादी करा: रक्त, दार, तांदूळ, मासा, डोळा, पाच, आठ, शंभर. मग नुब्राला जाऊन तीच यादी तुर्तुकच्या म्हाताऱ्यांसमोर ठेवा. परतताना गाडीत ग्रंथाची की शब्दांची, कुठली वही तुम्ही आधी उघडता, ते पाहा.