दोन भिंगांचा कॅमेरा, आठ महिन्यांनंतर

फुजीफिल्मचा फाइनपिक्स रिअल थ्रीडी डब्ल्यू३, २०१० सालचा. गेल्या मे महिन्यात जुना घेतला. दोन भिंगं, एकेका डोळ्यासाठी एकेक, मध्ये ७५ मिलिमीटर अंतर, आणि मागच्या पडद्यावर चष्म्याशिवाय चित्राची खोली दिसते. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या फोटोंत डावीकडे माझंच बोट आहे.

नवख्यांना सगळे एकच नियम सांगतात: भिंगांतल्या अंतराच्या तीसपट तरी लांब राहा. म्हणजे इथे सव्वादोन मीटर. दोन महिने इमानेइतबारे पाळला. आमच्या घरात सव्वादोन मीटर मागे सरकलं की पाठ फ्रिजला लागते. शेवटी गणपतीत मोडला. मखर भिंतीला टेकवलेलं, मूर्तीमागे जेमतेम फूटभर जागा. एक मीटरवरून फोटो घेतला, बघताना डोळ्यांना काही त्रास नाही. मग उलगडा झाला. वस्तू जवळ आहे म्हणून डोळे ताणले जात नाहीत. एकाच फोटोत सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात लांबचं दोन भिंगांतून किती सरकून दिसतं, यांत फार तफावत पडली की ताणले जातात. नियम मागे आकाश धरून चालतो. मागे भिंत असली तर एक मीटरवरही ती तफावत नियमाने चालणाऱ्या तफावतीच्या निम्मीच भरते. तेवढ्याच अंतरावरून खिडकीतल्या तुळशीचा फोटो घेतला, मागे समोरची इमारत होती, तो मात्र दोन सेकंद बघवत नाही.

डोंगरात उलटा प्रकार. तिकोना किल्ल्यावरून पवना धरणापलीकडचा तुंग किल्ला या कॅमेऱ्यात पुठ्ठ्यासारखा सपाट येतो. चौकटीत सगळ्यात जवळचं झाड पन्नासेक मीटरवर, मग ७५ मिलिमीटर कुठे पुरणार? सरळ दोन साधे फोटो काढले, मध्ये दीड-दोन मीटर बाजूला सरकून, कॅमेरा न वळवता. ढग डावीकडून उजवीकडे जात असतील तर डावा फोटो आधी घ्या, नाहीतर ढग डोंगर सोडून भलतीकडेच पुढे येतात. असा काढलेला तुंग दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याएवढा दिसतो. भाच्याने विचारलं, "मावळे कुठेत?" जाणकार याला दोष म्हणतात. मला आवडतो.

पडद्याच्या पुढे आल्यासारखी दिसणारी वस्तू चौकटीने कापू नये, हाही एक नियम. खालच्या कडेला कापली तर मी फार मनावर घेत नाही. डाव्या-उजव्या कडेला मात्र तुकडा एकाच डोळ्याला दिसतो आणि तिथे खटकतंच.

दोन फोटोंची उंची जुळणं, हे कधी मोडू नका. चार मिनिटांत डोकं दुखतं. हातात धरून काढलेल्या जोड्या मी स्टिरिओफोटो मेकर या फुकट प्रोग्रॅममध्ये सरळ करून घेतो.

लाल-निळ्या चष्म्याचा हट्ट धरू नका. पालखीतल्या भगव्या पताका त्यातून एका डोळ्याला उजळ, दुसऱ्याला काळपट दिसतात आणि नुसत्या लुकलुकतात. ते फोटो मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच दाखवतो, एकेकाच्या हातात देऊन.